कोवळ्या पानांचा बोळा

१

फुस्स.

एवढाच आवाज झाला आणि बिरसीचा हात नळावर थिजला.

घर अजून झोपेत होतं. थोरली सोमरी चटईभर आडवीतिडवी पसरली होती, धाकटी मुठी आवळून गाढ होती, आणि ती जागी व्हायच्या आत भांडी, चूल, अंगण उरकून घ्यावं म्हणून बिरसी पाय न वाजवता बाहेर आली होती. लेकरं झोपलेली असताना मिळतो तेवढाच वेळ तिचा. त्या शांततेत नळाने ही शिंक दिली, एक थेंब सोडला आणि गप्प बसला.

तिने तोटी आणखी फिरवली. पुन्हा फुस्स. शेजारच्या अंगणातूनही तसाच आवाज आला, मग त्याच्या पलीकडून. पाहता पाहता अख्ख्या कुरुमडेगा गावाला सर्दी झाली.

नळ गावात आले माघात. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही, आणि आजच ही तऱ्हा. आज सरहूलचा उपास, उद्या सरहूल, नव्या पालवीचा सण, आणि उद्याच सकाळी उपायुक्त मॅडम, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टर, येणार होत्या. सणाचं आमंत्रण बिरसीनेच दिलं होतं, पण मॅडम येणार त्या नाच बघायला नव्हे, नळ उघडून बघायला. जिल्हा मागास म्हणून पार दिल्लीपर्यंत नाव काढून होता. मॅडमनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं की जी पंचायत घरोघरी पाणी आधी पोचवेल, तिथे बाळंतपणाचं केंद्र उघडायचं, नर्सच्या राहत्या खोलीसकट.

बिरसी कुजूर मुखिया झाली ती ह्या एका गोष्टीसाठी, असं म्हटलं तरी चालेल. तिची धाकटी जन्मली पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर, नदीच्या ह्या काठाला, पूर ओसरायची वाट बघत. आणि आता नणंदेला, पुनईला, पाचवा लागला होता. दिवस भरणार ते ऐन श्रावणात, नदी गाव तोडून टाकते तेव्हा.

धाकटीला पाठीशी बांधून आणि सोमरीला पुनईच्या हवाली करून ती टेकाडावरच्या टाकीकडे निघाली. मोटारीत काही अडकलं असेल, तारेला उंदीर लागला असेल, असं मनाशी घोकत गेली. टाकीपाशी पोचली आणि पायच थांबले. हे बिघडलेलं नव्हतं. हे कुणीतरी केलेलं होतं.

२

टाकी भरलेली होती. बोटाने टकटक केली तर भरल्या घागरीसारखा जड आवाज आला. टाकीच्या तळाशी पितळेचा कॉक होता, तो नीट बंद केलेला. आणि कॉकच्या खाली जिथे जाड नळी गावाकडे वळते, तिथला जोडतुकडा गायब. हाताने फिरवला की निघतो, हाताने फिरवला की बसतो, एवढीशी वस्तू. पण त्या मापाची मिळते फक्त जिल्ह्याला, आणि सरहूलसाठी जिल्ह्याची दुकानं आज आणि उद्या बंद.

बिरसी टाकीच्या सावलीत बसली. धाकटी पाठीवर चुळबुळत होती, तिला पुढे घेऊन पाजलं. पाजताना डोकं बरं चालतं असा तिचा अनुभव होता.

चोराला विकायचं असतं तर त्याने पितळ नेलं असतं. गावाची फजिती करायची असती तर टाकी मोकळी करून दिली असती, अर्ध्या दिवसात चिखल झाला असता. ह्याने आधी कॉक बंद केला, मग तुकडा काढला. शिवाय खाली उघड्या पडलेल्या नळीच्या तोंडात एक बोळा घट्ट बसवला होता, बेडूक-किडे आत जाऊ नयेत म्हणून. चोरी करून वर झाकण लावून जाणारा हा कसला चोर?

तिने बोळा ओढून काढला, उलगडला, आणि विंचू दिसावा तसा तो हातातून टाकला.

साल वृक्षाची पानं होती. नवी, तांबूस, तान्ह्या बाळाच्या कानासारखी मऊ.

सरहूलला पहान, म्हणजे गावचा पुजारी, सरनात, गावच्या देवराईत, पूजा करून पहिली फुलं-पानं धरणीला वाहतो. तोवर त्या वनराईतल्याच नव्हे, कुठल्याही झाडाच्या नव्या पानाला गावातलं कुणी हात लावत नाही. नवं फळ खात नाही, नवं फूल डोक्यात घालत नाही. जमिनीतही कुदळ घालत नाही, कारण धरणीचं लग्न अजून व्हायचं असतं. दारू पिऊन गटारात पडणारा माणूससुद्धा हा नियम झोपेत पाळतो.

म्हणजे हे हात गावातले नव्हते.

आणि ह्या टाकीचं काम हात घालून जाणणारा, गावाबाहेरचा, नियम न मानणारा एकच माणूस होता. साहू ठेकेदार. त्याचं आणि ग्रामसभेचं भांडण तर साऱ्या बाजाराला माहीत होतं.

३

साहू बाजाराच्या नाक्यावर सापडला. पुतणीच्या लग्नातून नुकताच उतरला होता, कपाळाला हळद तशीच, कपडे चुरगळलेले, समोर धुस्क्यांची, तळलेल्या वड्यांची, पुडी. बिरसीने डब्याच्या झाकणात ठेवलेला बोळा त्याच्यापुढे धरला. त्याने तो सरळ दोन बोटांत उचलला, चुरगळून वास घेतला आणि विचारलं, ह्या पाल्याची भाजी करतात का.

बिरसीने काय झालं ते सांगितलं. साहू चिडला नाही, हसला. "दीदी, मी चोर असतो तर पितळेचा कॉक गावाला भेट म्हणून ठेवला असता का?"

मग त्याचं जुनं रडगाणं सुरू झालं. नळी त्याला सरळ न्यायची होती, सरनाच्या एका कडेतून. ग्रामसभेने हात वर करून ठरवलं की नळी सरनाला वळसा घालून जाईल. वळसा म्हटला की कोपरा आला, कोपरा म्हटला की जोड आला. जेवढे जोड तेवढी डोकेदुखी, हे तो गळा फोडून सांगत होता, पण बायकामाणसांच्या सभेत ठेकेदाराचं कोण ऐकतो. एवढं बोलून तो म्हणाला की काल दुपारपासून तो मांडवात होता, दोनशे माणसांनी त्याला नाचताना पाहिलं आहे आणि त्यातल्या निम्म्यांना ते विसरता येणार नाही. शिवाय उद्या मॅडमपुढे नळ कोरडे निघाले तर पहिली मान त्याचीच जाणार होती.

ते खरं होतं. बिरसी निघाली तेव्हा त्याने धाकटीसाठी दोन धुस्के पानात बांधून दिले. धाकटीला अजून दात नव्हते, पण त्याला ते कोण सांगणार.

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या काठी जतरू काका भेटला. जतरू मागच्या खेपेचा मुखिया, बिरसीच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, टोपलीत खेकडे. उपासाच्या दिवशी खेकडे धरायचे, चुलीवर टांगायचे आणि पेरणीला त्यांचा चुरा बियाण्यात मिसळायचा, हे गावात सगळेच करतात. पण ह्याच जतरूने हंडिया, तांदळाची दारू, पिता पिता चारचौघांत सांगितलं होतं की हे नळ सरहूल बघणार नाहीत.

"ये ये, सूनबाई. नळाला पडसं झालंय म्हणे. काढा दिलास का त्याला?"

बिरसीने झाकण पुढे केलं. जतरूने आत डोकावलं आणि त्याचे चिखलाचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. तोंडावरचं हसू पुसलं गेलं. त्याने आधी धाकटीकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं की हे तू तोडलंस का. नाही म्हटल्यावर त्याचा श्वास सुटला. आज संध्याकाळी पहान पूजेच्या मडक्यांवर झाकेल, उद्या धरणीला वाहील, तोवर ही पानं कुणाची नाहीत, ती ठेवून दे कुठेतरी झाडाखाली, असं बजावून तो टोपली उचलून चालता झाला. थोडं पुढे जाऊन मात्र वळला. म्हणाला, चोर सापडला नाही तर सांग, मुखियागिरी मी पुन्हा सांभाळतो, मला सवय आहे.

मागे गेलेल्या त्या हातांनी बिरसीला उत्तर दिलं होतं. हा माणूस नळ फोडील, पण पान तोडणार नाही.

राहिली एतवारी आजी. तिचा राग वेगळाच. तिच्या दारासमोरची विहीर म्हणजे गावाची चावडी होती. कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा रांचीला पळाला, सगळं दोराबरोबर वर यायचं. नळ आले आणि आजीचा दरबार उठला. ती उघड म्हणायची की ह्या तोट्यांचं वाटोळं होवो.

आज मात्र विहिरीवर जत्रा होती. गावातल्या बायका घागरी घेऊन उभ्या, आणि आजी मधोमध, नातीच्या लग्नात बसावी तशी खुशीत. बिरसीला बघून तिने स्वतःच विषय काढला. "मला विचारायला आलीस ना? अगं पोरी, माझ्याकडून गुडघा वाकत नाही, मी टेकाड चढून टाकीला हात लावीन? पण ज्याने लावला त्याच्या तोंडात साखर पडो."

बायका हसल्या. मग आजी आपल्या शेळीवर घसरली. मेली हल्ली घरी टिकत नाही. सोडली की सरनाच्या कुंपणाला जाऊन चिकटते. हाकलून हाकलून हात दुखले, आज पुन्हा गेली आहे, जाता जाता तेवढी हाक घालून दे.

शेळी हाकायला बिरसीला वेळ नव्हता. दुपार कलली होती, चोर सापडत नव्हता, तुकडा मिळत नव्हता. पण आजीला नाही म्हणणं गावात कुणाला जमलेलं नाही. ती सरनाकडे वळली आणि दुरूनच तिला शेळी दिसली. शेळीच्या तोंडात होतं ते बघून ती जागीच उभी राहिली.

४

चैतात हिरवं गवत.

चारी बाजूंना माळ वाळून कडकडीत झालेला, आणि सरनाच्या दगडी कुंपणाशी, बाहेरच्या अंगाला, श्रावणासारखी लुसलुशीत पट्टी. बिरसीने वहाण काढून पाय टेकवला. माती गार होती. इथेच तो कोपरा होता, वळशासाठी घातलेला, आणि इथेच साहूचा तो जोड. कुणाला न दिसता, जमिनीच्या पोटात, थेंब थेंब गळणारा.

कुंपणातून तिने आत पाहिलं. पूजा होईपर्यंत बायका आत जात नाहीत, बघायला मनाई नाही. मोठ्या सालाच्या बुंध्याशी पहानाने सारवून ठेवलेली जागा होती. उपासाच्या संध्याकाळी तिथे दोन कोरी मडकी पाण्याने भरून ठेवायची, तोंडावर कोवळी पानं झाकायची, आणि सकाळी पाणी किती उतरलं ते बघून पाऊस सांगायचा. त्या सांगण्यावर गाव ठरवतं की माळावर धान किती पेरायचं आणि मडुवा, म्हणजे नाचणी, किती. सारवलेल्या जागेची अलीकडची कड काळपट होती. ओल तिथपर्यंत पोचली होती.

ओल्या मातीवर ठेवलेल्या मडक्याचं पाणी उतरत नाही, हे घरात मडकं असलेल्या कुठल्याही बाईला कळतं. पावसाचं काहीही होवो, ती मडकी सकाळी भरलेलीच दिसली असती.

बिरसीच्या मनात सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं. गळती थांबवायला खणावं लागतं, आणि आज जमिनीत कुदळ घालता येत नाही. मग पाणीच थांबवायला हवं. ते थांबवणाऱ्याला मडकी खरं बोलावीत असं वाटत होतं. आणि सरहूलच्या आधी नव्या पानाला हात लावण्याचा अधिकार गावात एकाच माणसाला होता. उपासाच्या पहाटे मडक्यांवर झाकायला पानं आणायला तोच जातो. तिने गावाबाहेरचा माणूस शोधत अर्धा दिवस घालवला होता, आणि नियमातच सूट असलेल्या माणसाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

बुधवा पहान अंगणात चटईवर बसला होता. पहाटेपासून उद्या मडकी उचलेपर्यंत त्याचं मौन. समोर दोन कोरी मडकी पालथी. बिरसी त्याच्यापुढे बसली, धाकटीला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. शेळी, गवत, कोपरा, ओल, पान. म्हातारा ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने एक मडकं उचललं. खाली जोडतुकडा होता, धुऊन पुसून ठेवलेला.

"पण बाबा, तुम्ही सगळ्या गावाचं पाणी बंद केलंत."

पहानाने भुवया वर केल्या. त्याने बोटाने हवेत एक वळसा काढला, कुंपणाचा, आणि मग मुठीने तेवढंच बंद केल्याची खूण केली. त्याची समजूत होती की त्या तुकड्याने फक्त सरनाकडची नळी बंद होते. बिरसीने मान हलवली. म्हातारा उठला, स्वतःच्या अंगणातल्या नळापाशी गेला आणि तोटी फिरवली.

फुस्स.

उपासाच्या दिवशी पहानाला लागणारं सगळं पाणी झऱ्यावरून येतं, त्याची बायको घागरीने आणते. नळाला दिवसभरात त्याने हात लावला नव्हता. अख्खं गाव शिंकत होतं आणि ते एकट्या त्यालाच कळलं नव्हतं. त्याने दोन्ही कान धरले. इतका मोठा माणूस लहान मुलासारखा कान धरून उभा राहिलेला बघून बिरसीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मग त्याने तो तुकडा उचलला आणि तिच्या हातात ठेवला. ने, म्हणून. बसव.

सूर्य टेकडीवर आला होता. थोड्या वेळात मडकी सरनात जायची. मॅडम उद्या यायच्या त्या सकाळीच, मडकी उचलायच्या आधी. आता तुकडा बसवला तर उद्या प्रत्येक घरी पाणी, आणि सरनात ओल. न बसवला तर मडकी खरी, आणि नळ कोरडे.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गटविकास अधिकारी होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते म्हणाले काळजी करू नका, एक टँकर पाठवतो, मुखियाच्या घरामागे लावा, दोन-चार नळांना तात्पुरती नळी जोडा, मॅडम काय सगळी घरं फिरत नाहीत. बिरसी कळवते म्हणाली.

घरी आली तेव्हा पुनई सोमरीच्या वेण्या घालत होती. बिरसीने तिला सगळं सांगितलं आणि तुकडा तिच्यापुढे ठेवला. हा निकाल एकटीने लावायचा तिला धीर नव्हता, कारण श्रावणात त्या फळीवर आडवं पडावं लागलं तर ते पुनईला लागणार होतं.

पुनईने तुकडा हातात फिरवून पाहिला. "वहिनी, तुझ्या वेळी आपल्या काठच्या त्या दवाखान्यात नर्स होती ना? कागदावर?"

"होती."

"आणि दाराला कुलूप."

एवढंच बोलून ती पुन्हा वेणी घालायला लागली. दाखवण्यापुरतं वाहणारं पाणी आणि कागदावरची नर्स एकाच जातीची, हे बिरसीला कळलं.

बिरसी परत पहानाकडे गेली, तुकडा होता तिथे ठेवला, अधिकाऱ्यांना टँकर नको म्हणून कळवलं आणि येताना गावात सांगत आली की उद्या मडकी उचलेपर्यंत पाणी विहिरीचं. कारण विचारलं त्यांना उद्या कळेल म्हणाली. ज्या माणसाला आज तोंड उघडता येत नाही, त्याच्यावर आज बोट ठेवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. जतरू काकाने ओसरीवरून विचारलं की चोर सापडला का. सापडला, ती म्हणाली. मग नाव सांग की. उद्या तोच सांगेल, ती म्हणाली, आणि जतरू काकाचा हुक्का विझला तो तसाच.

५

उपायुक्त मॅडम वयाने बिरसीहून फार मोठ्या नव्हत्या. गाडीतून उतरल्या, मागोमाग गटविकास अधिकारी उतरले आणि बिरसीकडे बघून डोळ्यांनीच विचारू लागले, टँकर नको का म्हणालात. मॅडम थेट तिच्या अंगणात आल्या आणि नळ फिरवला.

नळ शिंकला.

जतरू काका कुडाला टेकून उभा होता, साहू घामाघूम. बिरसीने धाकटीला सावरलं. "मॅडम, आज एकाही घरात पाणी नाही. टाकी भरलेली आहे. नळी सरनापाशी गळते आहे, ते मला कालच कळलं. आणि कालच पाणी सुरू करता येत होतं, ते मी केलं नाही." मग का केलं नाही तेही तिने सांगितलं, मडक्यांपासून ओलीपर्यंत. पहानाचं नाव तेवढं घेतलं नाही.

मॅडमनी गळती कुठे आहे विचारलं. सगळे सरनाकडे निघाले. कुंपणाशी आल्यावर मॅडमनी कुणी न सांगता चपला काढल्या, हिरव्या पट्टीवर पाय ठेवून बघितला, आणि बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या पंचायतीला उशीर होतो आहे, अशी अधिकाऱ्यांनी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा त्यांनाच चपला काढायला सांगण्यात आलं.

आत पहानाने पानं बाजूला केली, मडक्यात बोट घातलं. एका मडक्यात, मग दुसऱ्यात. पाणी बंद असल्याने ओल कडेपुढे सरकली नव्हती, मडकी जे सांगतील ते त्यांचं स्वतःचं होतं.

पहान उभा राहिला. कालपासून न वापरलेला आवाज खरखरत बाहेर आला. "पाऊस चांगला आहे. उशिरा येईल, पण चांगला आहे." आणि ढोल वाजायच्या आत त्याने हात वर केला. "आणि नळ मी बंद केला."

मग एतवारी आजी खुदकन हसली, आणि तिच्या मागे सगळं गाव. जतरू काका इतका हसला की त्याला कुंपण धरावं लागलं. त्याने बिरसीकडे बघून मान डोलावली. त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ होतं.

पूजा झाली. धरणीचं लग्न लागलं, आणि लग्न लागल्यावर तिच्या अंगात कुदळ घालायला हरकत नाही. पहिली कुदळ जतरू काकानेच आणली. घरटी एक माणूस कामाला, मजुरीच्या जागी हंडियाचा घडा, ही गावाची मदाइत. साहू लग्नातल्या कपड्यांनिशी खड्ड्यात उतरला आणि ओरडू लागला की जोड असा नाही, तसा धरा, आणि मी तेव्हाच सांगितलं होतं. खुद्द पहानाने टेकाडावर जाऊन तुकडा बसवला. कॉक उघडला. नळांनी एक मोठी शिंक दिली, तांबडं पाणी थुंकलं, मग पांढरं, आणि मग धो धो. पोरं भिजली, कोंबड्या पळाल्या. एतवारी आजीने मात्र विहिरीवरची सभा रोज सकाळी चालूच राहील असं जाहीर करून टाकलं, आणि बायकांनी ते मान्यही केलं.

मॅडम बिरसीच्या ओसरीवर मडुव्याची भाकरी आणि खेकड्याची चटणी खात बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की गेल्या महिन्यात त्या गेल्या त्या प्रत्येक गावात नळ हात लावताच वाहिला. दोन गावांत शाळेच्या मागे टँकर उभा दिसला. गटविकास अधिकारी भाकरीकडे बारकाईने बघू लागले.

"केंद्र काढणं सोपं असतं, मुखियाजी. नर्स आली नाही, तर ते मला कळवणारं कुणी असावं लागतं. इथे आहे. श्रावणाच्या आत दार उघडेल. जागा तेवढी गावाने द्यायची."

पुनई दाराआड उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि आत निघून गेली.

जागेचा प्रश्न आला तेव्हा सगळे इकडेतिकडे बघू लागले. जतरू काका खाकरला. रस्त्याला लागून त्याचा एक तुकडा पडीक होता. तो देईन म्हणाला, पण पाटीवर नाव त्याच्या आईचं लागेल, मुखियाचं नव्हे. बिरसी म्हणाली, काकीआजीचंच लावू, मोठ्या अक्षरात. एवढ्या लवकर हो म्हटल्यावर भांडायला काही उरलं नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

संध्याकाळी आखाड्यावर, नाचाच्या मैदानात, ढोल, नगारे, केसाकेसांत सालाची फुलं. बायकांनी मॅडमच्याही अंबाड्यात झुबका खोवला आणि त्यांना हातात हात गुंफून रांगेत ओढलं. मॅडमची पावलं सारखी चुकत होती. एक पाऊल पुढे असताना त्यांचं मागे, मग त्याच खळखळून हसायच्या. बिरसी कडेला बसून धाकटीला पाजत होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या मागे काही काम नव्हतं. सगळ्या गावाला आज तिने उत्तरं दिली होती, मॅडमना, जतरू काकाला, साहूला, आजीला.

सोमरी येऊन तिच्या गुडघ्याला रेलली. बराच वेळ ती मॅडमचं नाचणं बघत राहिली. मग आईच्या हनुवटीला धरून तिने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, ह्या बाई चांगल्या आहेत ना?"

"हो गं. खूप."

"मग इतके दिवस का नाही आल्या?"